नऊ पिढ्यांत एकही बाई नाही

थोरले आबा,

पत्राच्या माथ्यावर ‘तीर्थरूप’ आणि पहिल्या ओळीत ‘साष्टांग नमस्कार’ लिहायचा, हे वळण मला आपल्याच घरात लागले. आज मी दोन्ही गाळते आहे. गाळणे म्हणजे काय, ते तुमच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

तुम्ही माझ्या आजोबांचे थोरले चुलत भाऊ. मी जन्मले तेव्हा तुम्ही गेला होतात, पण तुमचा कागद घरात राहिला. १९२८ साली वतनाच्या कामासाठी तुम्ही घराण्याची वंशावळ तयार केलीत. जाड कागद, मागे मांजरपाट चिकटवलेला, गुंडाळी करून पत्र्याच्या नळीत घातलेला. घरात कुणी मोठा पाहुणा आला की ती नळी आजही कपाटावरून खाली काढतात आणि पाहुणा मान डोलवतो. मूळ पुरुषापासून नऊ पिढ्या. मी त्यातली नावे एकदा नाही, तीनदा मोजली. ७१ पुरुष आहेत. बाई एकही नाही. आई नाही, बायको नाही, लेक नाही, बहीण नाही. ७१ पुरुष जन्मले, वाढले, पाटीलकी करून मेले, आणि त्यांतल्या एकालाही आई नव्हती, असे तुमचा कागद शपथेवर सांगतो. कचेरीत तो वाचला गेला, त्यावर शिक्का बसला. ही मुले आली कुठून, हे कुणी विचारले नाही.

मी विचारते आहे. सगळ्या गावासमोर विचारता यावे म्हणून पत्र खुले लिहिते आहे.

सुरुवात एका विहिरीपासून झाली. आपल्या मळ्याच्या खालच्या अंगाला दगडी बांधणीची विहीर आहे. सगळे गाव तिला ‘काकींची विहीर’ म्हणते. या काकी कोण, असे मी वडिलांना विचारले. ते म्हणाले, “माझी आजी. तुझी पणजी.” नाव काय तिचे? वडील बराच वेळ आठवत राहिले आणि मग म्हणाले, “आम्ही काकीच म्हणायचो. अण्णासुद्धा आईला काकीच म्हणायचे.” अण्णा म्हणजे माझे आजोबा. पोटच्या मुलाने आईला काकी म्हणायचे, कारण घरातले मोठे चुलत भाऊ तिला काकी म्हणत. त्या चुलत भावांतले सगळ्यांत मोठे तुम्ही. म्हणजे तिला तिच्या मुलाच्या तोंडी जे नाव मिळाले, तेही तुमच्या नात्याने मिळाले. विहीर मात्र गावाने तिच्या नावावर ठेवली, तीही नाव न कळता. मी तुमची नळी उघडली. माझ्या पणजोबांच्या चौकटीतून एक रेघ खाली येते आणि थेट आजोबांच्या चौकटीला लागते. त्या रेघेच्या जागी एक अख्खी बाई होती, आबा. सत्तर वर्षे जगलेली.

तिला शोधायला मला चार वर्षे लागली. कसे शोधले ते तुम्हाला सांगते, म्हणजे एक रेघ पुसल्यावर ती पुन्हा काढायला किती हात लागतात ते तुम्हाला कळेल.

पहिल्यांदा कोतवाल बुक पाहिले. गावातल्या जन्ममृत्यूची ही नोंदवही, गाव नमुना १४. त्या काळची पाने मोडीत आहेत. सुदैवाने २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि महाराष्ट्रभर तालुक्यांच्या अभिलेख कक्षांतले बस्ते सुटले, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणे गेले. मी मोडीची ओळख करून घेतली होती, पण सराव नव्हता. एका निवृत्त शिक्षकांनी माझ्याशेजारी बसून पाने वाचून दिली. आजूबाजूच्या टेबलांवर लोक एकच शब्द शोधत होते, आणि तो त्यांना बापाच्या बाजूने हवा होता, कारण जातीच्या दाखल्याला जोडायची वंशावळ बापाच्या बाजूची लागते. मी बाईचे नाव शोधते आहे म्हटल्यावर त्यांतला एक तरुण थांबला आणि म्हणाला, “ताई, यात बायकांची नावं नसतात.” खरे होते. त्या पानांवर बाप आहे, जात आहे, तारीख आहे, आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. मुलाला जन्म देणारीला जागा नाही.

तरीही त्या पानांतून तिचा संसार दिसू लागला. १९०५ साली पणजोबांच्या नावापुढे मुलगी. १९०७ साली मुलगी. १९१० साली मुलगा. तो अकरा महिन्यांचा होऊन गेला, मृत्यूच्या पानावर ‘ताप’ एवढाच शब्द. १९१७ साली पुन्हा मुलगी. मग १९१८ चा ऑक्टोबर. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि त्यावर इन्फ्लुएंझाची साथ आली होती. आपल्याकडचे म्हातारे तिला मानमोडी म्हणत. एरवी जिथे महिन्याला दोन-तीन मृत्यू, तिथे त्या महिन्याची पानेच्या पाने भरलेली आहेत, आणि लिहिणाऱ्याचे अक्षर शेवटी शेवटी वाहवत गेले आहे. त्यांत माझे पणजोबा आहेत. आठ दिवसांनी त्यांच्याच नावापुढे ‘मुलगी, वय १ वर्ष’ आहे. आठ दिवसांत नवरा आणि तान्ही लेक. तुमचे वय तेव्हा विशीच्या पुढचे होते, आबा. खांदा तुम्ही दिला असणार.

या नोंदींत एक घोळ होता. माझ्या आजोबांचा जन्म त्यांत कुठेच नव्हता. १९१३ ते १९१६ या चारही वर्षांची पाने आम्ही दोनदा चाळली. वंशावळीत एकटे तेवढे जगलेले, आणि गावात त्यांच्या जन्माची नोंद नाही. उत्तर सापडले ते शाळेत. आजोबा ज्या शाळेत बसले तिचे जुने जनरल रजिस्टर अजून आहे. त्यात जन्मस्थळाचा रकाना आहे आणि त्या रकान्यात आपले गाव नाही. शेजारच्या तालुक्यातले एक गाव आहे. पहिला मुलगा गेल्यावर पुढच्या बाळंतपणाला ती माहेरी गेली होती. एका बाईचे माहेर मला तिच्या मुलाच्या शाळेच्या रजिस्टरात सापडले, कारण सासरच्या कागदात ते लिहायचे कुणाला सुचले नाही. त्याच रजिस्टरात पालकाच्या रकान्यात ‘आई’ लिहिले आहे आणि तिथे पहिल्यांदा तिचे नाव आहे. मी ते पान किती वेळ पाहत बसले ते सांगत नाही.

ते नाव घेऊन मी नाशिकला गेले. गोदाकाठच्या तीर्थोपाध्यायांकडे गावागावांच्या वह्या असतात. तालुका, गाव, आडनाव सांगितले की ते नेमकी वही काढतात आणि यात्रेकरूंनी पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलेले लेख दाखवतात. मी पणजीच्या माहेरचे गाव सांगितले. १९२० च्या सिंहस्थात तिचा भाऊ तिथे आला होता. त्याने लिहिवले आहे: सोबत आई, बहीण, भाचा आणि दोन भाच्या, बहीण दिली आपल्या गावी, पाटलांकडे, मेहुणे दोन वर्षांपूर्वी वारले. आणि पुढे सगळ्यांची नावे. बहिणीचे, भाच्याचे, दोन्ही भाच्यांची. आपल्या घरापेक्षा तिच्या भावाचा हात किती मोठा होता पाहा. त्याने आईसुद्धा लिहिली आहे.

पण बहिणीचे तिथले नाव शाळेतल्या नावापेक्षा निराळे होते. मी घाबरले. पणजोबांना दोन बायका होत्या की काय? मग आजोबा कुणाचे, मुली कुणाच्या? वर्षभर मी दोन बायकांचा माग काढत होते आणि त्या दोघी एकच होत्या. लग्नात नाव बदलण्याची आपली रीत. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुना. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका. लोकमान्यांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी. ही माणसे मोठी झाली म्हणून त्यांची दोन्ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. बाकी लाखो जणी दोन नावांच्या मधल्या फटीत पडून गेल्या. माहेरच्या वहीत एक मुलगी संपते, सासरच्या कागदात दुसरीच बाई सुरू होते, आणि दोघींना जोडणारा शब्द कुणी लिहीत नाही.

आमच्या पणजीच्या बाबतीत तो शब्द एका अनोळखी लेखकाने लिहिला. १९३६ च्या एका नोंदणीकृत खरेदीखतात तिच्या सासरच्या नावापुढे ‘ऊर्फ’ आहे आणि त्यापुढे माहेरचे नाव. त्या माणसाने पक्षकाराची ओळख नीट लिहायची एवढेच काम केले. तो आपल्या घराण्यातला नव्हता, त्याचे तिच्याशी काही नाते नव्हते. तुमचे होते.

आता जमिनीच्या कागदांकडे येते, कारण तिथे तुम्हालाही चांगली गती होती.

पणजोबा गेल्यावर फेरफारात वारस म्हणून माझे आजोबा लागले, वय वर्षे ४, ‘अज्ञान’. पुढे ‘अ.पा.क. आई’ आणि तिचे नाव. अज्ञान पालनकर्ती. मुलगा सज्ञान होईपर्यंत ती कागदावर राहिली आणि तो सज्ञान झाल्याबरोबर दुसऱ्या फेरफाराने तिचे नाव कमी झाले. मधली चौदा वर्षे मालकी तिच्या मुलाची आणि कष्ट तिचे. १९१९ साली तिने सरकारी तगाई काढली, विहिरीसाठी. त्या अर्जावर तिच्या नावामागे ‘गं. भा.’ आहे. वर्षापूर्वीपर्यंत ती सौभाग्यवती होती. बाईच्या नावामागची ही दोन अक्षरे पाहून नवरा कधी गेला त्याचा अदमास काढता येतो, हे मी या शोधात शिकले. सहीच्या जागी बांगडीची निशाणी आहे. पुरुषांनी नांगर काढायचा, बाईने बांगडी. विधवेच्या हातात बांगडी उरली नव्हती, पण कागदावर तिला तीच काढायला लावली. एक वेडावाकडा गोल आहे, एका जागी शाई फुटलेली. तिचा फोटो नाही. तिच्या हातचे एवढेच आहे माझ्याजवळ.

त्या तगाईतून विहीर झाली. तगाई सात हप्त्यांत फिटली, पावत्या आहेत. विहिरीच्या पाण्यावर जे पिकले त्यातून साठवलेल्या पैशांनी तिने १९३६ साली शेजारचा दोन एकरांचा तुकडा स्वतःच्या नावावर घेतला. ‘ऊर्फ’ लिहिलेले खरेदीखत ते हेच. मुलाच्या नावावर नाही, स्वतःच्या. तिला लिहिता येत नव्हते, पण कागदाची किंमत तिला कळली होती. आपले नाव चौदा वर्षे ठेवून कसे उडवले जाते ते तिने पाहिले होते.

आणि याच वर्षांच्या मध्यावर, १९२८ साली, ती तुमच्याच वाड्यात, तुमच्याच सोप्याच्या पलीकडच्या दोन खोल्यांत राहत असताना तुम्ही वंशावळ लिहायला बसलात. ती आत भाकरी थापत असेल. तुम्ही बाहेर पणजोबांची चौकट काढलीत, आजोबांची चौकट काढलीत आणि मध्ये रेघ मारलीत.

तुमची बाजू मी बाजूला ठेवलेली नाही. वतनाचे काम होते. १८७४ चा वतन कायदा होता, आणि १८८६ च्या दुरुस्तीने शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून घराण्यातल्या इतर प्रत्येक बाईचा वारसा शेवटच्या पुरुषामागे ढकलला होता. मुली दाखवल्या काय, न दाखवल्या काय, कचेरीला फरक पडत नव्हता. तो कागद हक्क कुणाचा एवढे दाखवायला होता, हे मान्य. पण कायद्याने बायकांची नावे लिहायला मनाई केली नव्हती. आणि विधवेला तर त्या कायद्यातही जागा होती. शिवाय काम संपल्यावर तुम्ही त्याच कागदाला मांजरपाट लावलेत, नळी करवून घेतलीत आणि ‘आपल्या घराण्याची वंशावळ’ म्हणून मुलांना दाखवत राहिलात. कचेरीपुरता काढलेला नकाशा तुम्ही घराण्याचे सत्य म्हणून वारशात दिलात. गुन्हा तिथे झाला.

काळच तसा होता, असे मला घरातले सांगतात. मी ते ऐकून घेत नाही. त्याच काळात कोकणातल्या आणि देशावरच्या कितीतरी घराण्यांचे कुलवृत्तान्त तयार होत होते आणि त्यांतल्या चांगल्या संपादकांनी घराघरांत पत्रे पाठवून सुनांची माहेरे विचारली, मुली कुठल्या घरी दिल्या ते विचारले आणि छापले. विचारायचे सुचत होते. कागदही होता आणि शाईही.

आता ‘निर्वंश’ या शब्दाबद्दल.

तुमच्या मधल्या चुलत्यांच्या चौकटीखाली तुम्ही लाल शाईने ‘निर्वंश’ लिहिले आहे. कोतवाल बुकात त्यांच्या नावापुढे चार जन्म आहेत. चारही मुली. त्यांतल्या तीन जगल्या, तिघींची लग्ने झाली. एकीची नात आज पंचाऐंशीच्या घरात आहे. दोन तालुके ओलांडून मी तिच्याकडे गेले. आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या तिला येतात, आणि त्या ओव्यांत आपला वाडा आहे, वाड्यातला पिंपळ आहे, बापाचे नाव आहे आणि तुमचेही नाव आहे आबा, ‘भाऊराया’ म्हणून. बायकांनी कागद मिळाला नाही तेव्हा दळताना नोंद ठेवली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा १ लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा करवून घेतल्या. त्यांत बापाची, भावाची, मुलाची नावे पानोपानी आहेत. बायका पुरुषांना गाळत नव्हत्या. तुम्ही ज्यांना निर्वंश केलेत त्यांच्या तीन मुलींचे आजचे वंशज मी ४३ पर्यंत मोजले आणि यादी अजून पुरी नाही. तुमचा तो शब्द मी खोडला आहे. लाल शाईनेच.

इथपर्यंत मला तुमचा राग होता, तरी मनात एक शंका तुमच्या बाजूची होती. वाटायचे, तुम्हाला नावे ठाऊकच नसतील. पुरुष ओसरीवर, बायका माजघरात. चुलतीचे नाव कधी तोंडी आलेच नसेल.

गेल्या पितृपंधरवड्यात तुमची ट्रंक उघडली. तळाशी जुन्या पंचांगांचा गठ्ठा होता आणि १९६१ च्या पंचांगात घडी घातलेला एक फुलस्केप कागद. वर लिहिले आहे, ‘म्हाळाची यादी’.

म्हाळात भटजींना नावे सांगावी लागतात. बाप, आजा, पणजा तर येतातच, पण आई, आजी, पणजीही येतात. आईकडचे आजोबा, आजी येतात. चुलते सपत्नीक येतात. आत्या, मावशी, बहीण, सासू येतात. ज्यांनी कुणी पाणी द्यावे म्हणून वाट पाहिली असेल, त्या सगळ्यांना नावाने हाक मारायची. कागद तुमच्या अक्षरात आहे. वंशावळीतला तो मागे झुकलेला ‘ळ’ इथेही तसाच आहे. ३१ नावे आहेत आणि त्यांतल्या १४ बायका आहेत. तुमची आई. आजी. पणजी. दोन आत्या. बाळंतपणात गेलेली बहीण. मधली चुलती. आणि शेवटून तिसऱ्या ओळीत, धाकट्या चुलत्यांच्या नावाला लागून, माझी पणजी. ती १९५८ साली गेली. नाव शुद्ध, स्पष्ट, एकही खाडाखोड नाही.

तुम्हाला सगळी नावे पाठ होती, आबा.

ती जिवंत असताना तुम्ही तिला कागदावर घेतले नाहीत आणि मेल्यावर दरवर्षी तिच्या नावाने पिंड ठेवलात. जिथे नावाने तिला मान मिळाला असता, हक्काची आठवण राहिली असती, नातवंडांना आजी मिळाली असती, तिथे रेघ. जिथे नाव घेतले की काम संपते, तिथे नाव. मला चार वर्षे, तीन कचेऱ्या, एक शाळा आणि एक तीर्थक्षेत्र लागले ते नाव काढायला, आणि तुम्ही ते ट्रंकेत घडी घालून ठेवले होते. वाळवीने खाल्लेली पाने मी सोसली. ऑक्टोबर १९१८ चे वाहवलेले अक्षर मी डोळे भरून वाचले. ज्याला ठाऊक होते आणि ज्याने लिहिले नाही, त्याला मी माफ करत नाही.

तिचे नाव या पत्रात नाही, हे वाचणाऱ्यांच्या लक्षात आले असेल. ते मी आधी जिथे असायला हवे होते तिथे लिहिले आहे. तुमच्या वंशावळीत, तुमच्या रेघेवर, दोन्ही नावे, मध्ये ‘ऊर्फ’, आणि खाली माहेरचे गाव. बाकी ७० चौकटींपैकी ११ जणांच्या बायका मला सापडल्या आहेत, त्याही लिहिल्या. उरलेल्या ५९ चौकटींशेजारी पेन्सिलने रिकामी चौकट काढून ठेवली आहे. पुढच्या पाहुण्याने मान डोलवण्याआधी त्या पाहाव्यात. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या मुलाच्या नावात आधी आईचे नाव लागते, मग वडिलांचे. माझ्या भाचीचा मुलगा त्यानंतरचा आहे. वंशावळीत त्याचीही चौकट आहे आणि ती आईच्या चौकटीला लागलेली आहे.

एक जागा मात्र मला भरता आली नाही. पणजीची थोरली लेक सापडली. १९५८ साली आईच्या त्या दोन एकरांत ती आजोबांबरोबर वारस लागली आणि पुढच्याच वर्षी तिने भावाला हक्कसोडपत्र करून दिले. कागदावर ती आली ती सोडून देण्यासाठी, पण आली. धाकटी आली नाही. १९२० च्या सिंहस्थातल्या मामाच्या लेखात ती आहे आणि त्यानंतर कुठेही नाही. १९५८ च्या वारसांत नाही, मृत्यूच्या पानांवर नाही. ती कुठे दिली, सासरी तिचे नाव काय ठेवले, हे तुम्हाला ठाऊक होते. लग्नाच्या मांडवात तुम्ही उभे असाल. तुमच्या यादीत ती नाही, म्हणजे १९६१ साली तुमच्या लेखी ती जिवंत होती, किंवा तेवढ्या हाकेलाही ती जवळची नव्हती.

म्हणून शेवटचे मागणे तुमच्याकडे नाही, हे पत्र वाचणाऱ्यांकडे आहे. सातारा जिल्ह्यातल्या पाटलाच्या घरची लेक, जन्म १९०७, लहानपणी बाप मानमोडीत गेलेला, आई विहीरवाली, पाठीवर एकच भाऊ; अशी कुणी तुमची पणजी, खापरपणजी असेल, तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारा. तिच्या जात्यावरच्या ओवीत एक दगडी विहीर आहे का, तेवढे विचारा आणि मला कळवा. तिच्यासाठी चौकट काढून ठेवली आहे.

तुमच्या धाकट्या चुलतीची पणती